पार्क नव्या मालकाकडे चाललंय, मग तुमचे शेअर ठेवायचे की विकायचे?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी आणि दुसऱ्यांदा शेवटच्या ता.क.साठी. त्या तीन ओळी तुम्ही जाता जाता लिहिल्यासारख्या लिहिल्यात, पण माझ्या मते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तिथेच आहे. त्यांच्याकडे पुढे येतेच.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पत्र लिहिणारे गृहस्थ एका थीम पार्कच्या देखभाल विभागात १९ वर्षं काम करतात. रोलर कोस्टर हे त्यांचं खातं. पार्क एका कुटुंबाच्या मालकीचं आहे. काही वर्षं बोनसऐवजी मिळालेले आणि मधून मधून स्वतः विकत घेतलेले कंपनीचे शेअर आज त्यांच्या एकूण बचतीच्या निम्म्याहून थोडे जास्तच भरतात. आता मालक कुटुंब आपला मोठा हिस्सा एका गुंतवणूक फंडाला विकतंय. लहान भागधारकांपुढे तीन पर्याय ठेवलेत: सगळे पैसे रोख घ्या, अर्धे रोख घेऊन अर्ध्याचे नव्या कंपनीचे शेअर घ्या, किंवा सगळंच नव्या कंपनीत वळवा. सभेत फंडाच्या माणसांनी ‘पाच वर्षांत दुप्पट’ असं सांगितलं. मुलगी तीन वर्षांनी कॉलेजात जाईल, घराच्या कर्जाचे सात वर्षांचे हप्ते बाकी आहेत. पत्नी म्हणते, रोख घ्या आणि मोकळे व्हा. हे म्हणतात, ‘पार्क मी आतून ओळखतो, गर्दी दरवर्षी वाढतेय, आत्ता विकणं म्हणजे पीक उभं असताना शेत सोडून देणं.’

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. बहुतेक सगळं रोख घ्या. एकूण बचतीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त रक्कम नव्या कंपनीत ठेवू नका. तेवढीही ठेवायची असेल तर काही गोष्टी आधी लेखी मिळाल्या पाहिजेत.

गर्दी वाढतेय हे तुमचं निरीक्षण मी खरंच धरते. रोज फाटक उघडताना आत असणाऱ्या माणसाला ते कळतं. पण गर्दीतून येणारा पैसा भागधारकापर्यंत पोचायच्या आधी त्याच्यापुढे मोठी रांग उभी असते: बँका, जमिनीचा मालक, नाव आणि पात्रं वापरू देणारी कंपनी, व्यवस्थापनाची फी घेणारे, कर खातं. भागधारक रांगेच्या अगदी शेवटी. पार्क बदलत नाही, पण मालक बदलला की या रांगेत नवी माणसं घुसतात. तुम्हाला निर्णय घ्यायचाय तो याच गोष्टीवर.

पॅरिसजवळचं डिस्नीचं पार्क घ्या. १२ एप्रिल १९९२ला ते उघडलं. ते चालवणाऱ्या युरो डिस्नी कंपनीचे शेअर त्याआधी १९८९मध्ये ७२ फ्रँकला लोकांना विकले होते. डिस्नीने स्वतःकडे ४९ टक्के ठेवले. शिवाय तिकिटांच्या उत्पन्नावर १० टक्के, खाण्यापिण्यावर आणि वस्तूंच्या विक्रीवर ५ टक्के रॉयल्टी (नाव आणि पात्रं वापरू दिल्याचा मोबदला) आणि वर व्यवस्थापनाची फी, असा करार. ही वसुली उत्पन्नावर होती, नफा होवो न होवो. आणि डोक्यावर सुमारे २,००० कोटी फ्रँकचं कर्ज. दोन वर्षांत कंपनीचा श्वास कोंडला. १९९४मध्ये बँकांना व्याजात सूट द्यावी लागली, डिस्नीला काही वर्षं रॉयल्टी आणि फी सोडावी लागली, सौदीचे राजपुत्र अल वालिद यांनी जवळपास पाव हिस्सा घेतला. १९९५मध्ये तिकीट सुमारे एक पंचमांशाने स्वस्त केलं, जूनमध्ये स्पेस माउंटन हा नवा कोस्टर सुरू झाला आणि त्या वर्षी पहिल्यांदा नफा दिसला. पण कर्ज गेलं नव्हतं. २००४–०५मध्ये पुन्हा फेरमांडणी झाली, २०१४–१५मध्ये पुन्हा.

या सगळ्या काळात हे पार्क युरोपातल्या सर्वाधिक भेट दिल्या जाणाऱ्या ठिकाणांपैकी एक होतं. बहुतेक वर्षी कोटीभराहून जास्त लोक येत होते. आता १९८९ला १०० शेअर घेऊन शांत बसून राहिलेल्या माणसाचा हिशोब पाहा. त्याने घातले ७,२०० फ्रँक, म्हणजे साधारण १,१०० युरो. २००७मध्ये कंपनीने १०० शेअरचा १ शेअर केला. २०१७मध्ये डिस्नीने उरलेल्या भागधारकांना एका शेअरचे २ युरो दिले आणि कंपनी बाजारातून काढून घेतली. मधला किरकोळ लाभांश सोडला तर १,१०० युरोचे २ युरो झाले. पुढच्याच वर्षी, सगळी मालकी हातात आल्यावर, डिस्नीने तिथे २०० कोटी युरो गुंतवण्याची घोषणा केली. पार्कचे चांगले दिवस आले, पण ते पाहायला जुने भागधारक उरले नव्हते.

रॉयल्टी हाच सगळा दोष असेल, असं वाटेल. तसं नाही. टोकियोचं डिस्नीलँड १९८३मध्ये उघडलं, त्याची मालक ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी. डिस्नीचा तिथे एकही शेअर नाही, फक्त रॉयल्टी मिळते. म्हणजे ओझं त्याच जातीचं. पण मालकाने पैसा ओतताना हात आखडला नाही. सप्टेंबर २००१मध्ये टोकियोत दुसरं पार्क उघडलं, डिस्नीसी. मार्च २००२मध्ये पॅरिसमध्येही दुसरं पार्क उघडलं, वॉल्ट डिस्नी स्टुडिओज. दोन्हींमध्ये अर्ध्या वर्षाचं अंतर, नाव दोन्हीकडे डिस्नीचंच. टोकियोचं पार्क आजही राइड बनवणारे लोक नमुना म्हणून पाहायला जातात. पॅरिसचं इतक्या तंगीत बांधलं होतं की उघडल्या दिवसापासून ते अपुरं वाटत राहिलं, आणि २०१८ची ती मोठी घोषणा मुख्यतः ते दुरुस्त करण्यासाठीच होती. ज्या मालकाच्या मानेवर सावकार बसलेला असतो, त्याचं बांधकामही तसंच होतं.

फंड म्हणजे वाईट मालक आणि कुटुंब म्हणजे चांगला, असं मात्र मी म्हणणार नाही. नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग १९५२पासून एका प्रतिष्ठानाच्या मालकीचं आहे, नफा पार्कमध्येच परत जातो. जर्मनीतलं युरोपा पार्क १९७५पासून माक कुटुंबाकडे आहे, ते स्वतःच राइड बनवतात. अशा मालकांना पाच वर्षांत पार्क विकून बाहेर पडायचं नसतं, हा त्यांचा मोठा गुण. पण कुटुंबाकडचा पैसाही संपतो. तुमच्याच पत्रात आहे की गेल्या सहा वर्षांत एकही मोठी राइड आलेली नाही. नव्या पैशाची पार्कला गरज आहे, हे मी नाकारत नाही.

तुमच्या बाजूने बोलणारं सगळ्यात भक्कम उदाहरण मीच देते, नाहीतर सल्ला एकतर्फी होईल. ओसाकामधलं युनिव्हर्सल स्टुडिओज जपान २००१मध्ये ओसाका शहराच्या भागीदारीत उघडलं. पहिल्या वर्षी १ कोटी १० लाखांच्या आसपास लोक आले, मग एकामागून एक गैरप्रकार उघडकीला येऊन गर्दी आटली. २००५मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेच्या गटाने भांडवल घातलं. २००९मध्ये कंपनी शेअर बाजारातून काढून घेतली. पुढे मोठ्या योजनेसाठी पैसा राखून ठेवायचा होता, त्यामुळे हात आखडता होता. त्या दिवसांत त्यांनी २०१३मध्ये काय केलं, हे तुम्हाला नक्की आवडेल: असलेल्याच कोस्टरची ट्रेन उलटी, पाठीमागे पळवली. नवा रूळ नाही, नवी जमीन नाही. लोकांनी त्यासाठी तासन्‌तास रांगा लावल्या. २०१४च्या जुलैत ४,५०० कोटी येन खर्चून हॅरी पॉटरचा विभाग उघडला आणि पार्कचं नशीब पालटलं. २०१५मध्ये युनिव्हर्सलची मालक असलेल्या कॉमकास्ट या अमेरिकी कंपनीने ५१ टक्के हिस्सा १८,३०० कोटी येनला घेतला. दोनच वर्षांनी उरलेल्या ४९ टक्क्यांसाठी त्यांना २५,४८० कोटी मोजावे लागले.

म्हणजे फंड आला, पैसा लावला, चांगली माणसं नेमली, पार्क सुधारलं आणि टिकून राहिलेल्यांचं भलं झालं, असं घडतं. २००९मध्ये ज्यांचे शेअर काढून घेतले गेले, त्यांना ही चढण मिळाली नाही. तुमच्या मनात हीच भीती आहे आणि ती अगदीच निराधार नाही.

आता तुमच्या व्यवहाराकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर एक वाक्य आहे, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटलं असेल. खरेदीसाठी घेतलेलं कर्ज ‘व्यवहारानंतर चालू कंपनीकडे वर्ग होईल.’ साध्या शब्दांत, पार्क विकत घेण्यासाठी काढलेलं कर्ज पार्कच फेडणार. फंड फक्त थोडे स्वतःचे पैसे घालणार. शिवाय जमीन एका मालमत्ता कंपनीला विकून तीच भाड्याने घ्यायची, हेही त्याच पानावर आहे.

याचा परिणाम मोजून पाहू. आकडे सोपे करते. समजा पार्कची किंमत १००. वर्षाला सगळा चालू खर्च जाऊन हातात १२ उरतात. त्यातले ५ देखभालीच्या मोठ्या कामांना आणि नव्या राइडला लागतात, हे तुम्हीच माझ्यापेक्षा चांगलं जाणता. आज कर्ज १० असेल तर व्याज साधारण १. म्हणजे १२ वजा १ वजा ५, उरले ६. नव्या मांडणीत व्याज आणि जमिनीचं भाडं मिळून ५.५ जातील. मग उरतात दीड.

आता एक वाईट हंगाम आणा. सुट्ट्यांच्या दिवसांत सलग पाऊस, किंवा एखादी मोठी राइड महिनाभर बंद. थीम पार्कचा खर्च गर्दी कमी झाली म्हणून फारसा कमी होत नाही. रिकामी ट्रेन फिरवायलाही तीच वीज, तेच ऑपरेटर, तीच तपासणी लागते. त्यामुळे उत्पन्न दहा टक्क्यांनी घटलं तर हातात उरणारे १२चे सहज ९ होतात. जुन्या मांडणीत ९ वजा १ वजा ५, तरी ३ उरले. नव्या मांडणीत ९ वजा ५.५ वजा ५, म्हणजे दीडची तूट. बँकेचा हप्ता चुकवता येत नाही, भाडं चुकवता येत नाही. चुकवता येतात ते देखभालीचे आणि नव्या राइडचे ५.

‘पाच वर्षांत दुप्पट’ हे गणितही इथूनच येतं. कर्ज ६० आणि भांडवल ४० असेल आणि पार्कची किंमत १००वरून १३० झाली, तर भांडवल ४०चं ७० होतं, पाऊणपट वाढ. कर्ज १० असतं तर तीच वाढ एक तृतीयांश दिसली असती. सभेत तुम्हाला एवढंच दाखवलं गेलं. किंमत १००ची ७० झाली तर भांडवल ४०चं १० राहतं, हे पान दाखवलं गेलं नाही. कर्जामुळे पार्क जास्त कमावत नाही. चढ आणि उतार दोन्ही उभे होतात, एवढंच.

अशा उतारावर काय होतं, तेही घडून गेलेलं आहे. अमेरिकेतल्या सिक्स फ्लॅग्जला १९९८मध्ये प्रीमियर पार्क्सने सुमारे १९० कोटी डॉलरला विकत घेतलं आणि पुढे तेच नाव लावलं. कर्ज काढून पार्कांमागून पार्कं घेतली. २००८मध्ये त्यांच्याकडे अडीच कोटींच्या आसपास लोक येऊन गेले, धंदा वाईट नव्हता. पण जून २००९मध्ये २४० कोटी डॉलरच्या कर्जाखाली कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१०च्या मेमध्ये ती बाहेर आली तेव्हा कर्ज देणारे मालक झाले होते आणि जुन्या भागधारकांच्या हाती शून्य. बहुतेक पार्कं या काळात नेहमीसारखी सुरू होती. फाटकातून आत जाणाऱ्या माणसाला काही झालंय हे कळलंही नसेल.

सीवर्ल्ड या अमेरिकेतल्या सागरी प्राण्यांच्या पार्कांची गोष्ट वेगळी आहे आणि ती तुमच्यासाठी जास्त उपयोगी. २००९मध्ये ब्लॅकस्टोन या फंडाने ही पार्कं घेतली. २०१२मध्ये कंपनीने ५० कोटी डॉलरचा लाभांश वाटला, तोही नवं कर्ज काढून. म्हणजे फंडाने आपल्या पैशाचा मोठा भाग शेअर बाजारात जायच्या आधीच काढून घेतला. एप्रिल २०१३मध्ये २७ डॉलरला शेअर लोकांना विकले. त्याच वर्षी तिथल्या किलर व्हेलवरचा माहितीपट आला, लोकांचं मन फिरलं आणि ऑगस्ट २०१४मध्ये एका दिवसात शेअर सुमारे एक तृतीयांशाने पडला. यात बेकायदा काही नव्हतं. पण फंडाचा फायदा आणि लहान भागधारकाचा फायदा एकाच तारखेला होत नाही, हे यातून लख्ख दिसतं. ‘आपण सगळे एकाच नावेत आहोत’ असं सभेत कुणी म्हणालं असेल, तर नावेतून उतरायचं दार कुणाच्या बाजूला आहे ते विचारा.

जमीन विकून भाड्याने घेण्याबद्दल फार लिहीत नाही. ब्रिटनमधल्या मर्लिन कंपनीने २००७मध्ये आपल्या अल्टन टॉवर्स, थॉर्प पार्क वगैरे पार्कांच्या जागा ६२ कोटी २० लाख पौंडांना विकून दीर्घ मुदतीच्या भाड्याने परत घेतल्या होत्या, म्हणजे ही रीत नवी नाही. रोख पैसा लगेच हाती येतो. पण थीम पार्कच्या पडत्या काळात भागधारकाला शेवटचा आधार असतो तो जमिनीचाच. जमीन गेली की तुमच्या शेअरमागे उरतात करार, नाव आणि वापरलेल्या राइड. वापरलेला कोस्टर उतरवून, वाहून नेऊन पुन्हा उभारायला किती खर्च येतो, ते तुम्हाला सांगायला नको.

आता तुमचा ता.क. तुम्ही लिहिलंय की या बंद हंगामात चाकांची अर्ध्या वर्षाची नेहमीची ऑर्डर ‘व्यवहार होईपर्यंत थांबा’ म्हणून अडवली गेली. मोठ्या कोस्टरची दुसरी ट्रेन सुटी करून ताडपत्रीखाली ठेवलीय. तिची चाकं आणि बेअरिंग काढून पहिल्या ट्रेनला लावली जातायत.

या तीन ओळी मला कुठल्याही ताळेबंदापेक्षा जास्त सांगतात. विकणारा मालक विक्रीआधीच्या वर्षात खर्च दाबतो, कारण दाबलेला प्रत्येक रुपया त्या वर्षीच्या नफ्यात दिसतो आणि किंमत नफ्याच्या पटीत ठरते. आठपट किंमत मिळत असेल तर न घेतलेल्या एका रुपयाच्या चाकांमागे आठ रुपये किंमत वाढते. म्हणजे तुम्हाला आज रोखीत मिळणारा भाव चांगला आहे, कदाचित खऱ्याहून थोडा जास्तच, आणि त्याचं ओझं नव्या कंपनीत राहणाऱ्यांवर येणार. रोख घेण्याच्या बाजूचा हा मोठा मुद्दा आहे आणि तो तुमच्याच ताडपत्रीखाली झाकलेला आहे.

शिवाय एका ट्रेनवर कोस्टर चालवणं म्हणजे काय, हे हिशोबात धरा. २४ जणांची ट्रेन दर तीन मिनिटांनी सुटली तर तासाला ४८० माणसं. दुसरी ट्रेन असती तर त्याच रुळावर जवळपास दुप्पट. गर्दी तेवढीच, रांग दुप्पट. रांगेत उभा माणूस काही खात नाही, काही विकत घेत नाही, आणि घरी जाताना पुढच्या वर्षीचा पास घ्यायचा विचार सोडून देतो. याचा आकडा या वर्षीच्या गर्दीत दिसत नाही. तो दोन वर्षांनी दिसतो, म्हणजे फंडाची पाच वर्षं अर्धी झाल्यावर.

उलट बाजूची चूकही होते. सिक्स फ्लॅग्जने २०२२मध्ये नव्या नेतृत्वाखाली सवलती कमी करून तिकिटं महाग केली. ‘कमी गर्दी, जास्त पैसे’ हे धोरण. वर्षभरात येणारे लोक २ कोटी ७७ लाखांवरून २ कोटी ५ लाखांवर आले. नव्या मालकाची पहिली दोन वर्षं बहुधा अशाच प्रयोगांत जातात.

सगळ्यात काळजीची गोष्ट मी शेवटी ठेवली, कारण ती पार्कबद्दल नाही, तुमच्या घराबद्दल आहे. तुमचा पगार या पार्कमधून येतो. निम्म्याहून जास्त बचत याच पार्कमध्ये. पार्कला वाईट दिवस आले तर दोन्ही एकाच आठवड्यात जातील, आणि नेमके तेव्हाच मुलीची फी आणि घराचा हप्ता भरायचा असेल. माझ्या एका जुन्या अशिलाने २२ वर्षांच्या नोकरीतले सगळे शेअर आपल्याच कंपनीत ठेवले होते. कंपनी बुडाली त्या महिन्यात ते माझ्यासमोर बसले होते, हातात नोकरी संपल्याचं पत्र आणि त्याच कंपनीचं शेअर प्रमाणपत्र. ते दृश्य मला आजही अस्वस्थ करतं. पार्क उत्तम चाललं तरी तुम्हाला नोकरीतून, बढतीतून त्याचा फायदा मिळणारच आहे. बचतही तिथेच लावायची गरज नाही.

थोडा हिस्सा ठेवायची ओढ असेल तर मी मोडता घालणार नाही. १९ वर्षं हाताने जपलेल्या गोष्टीत आपला काही वाटा असावा, ही भावना मी हिशोबाबाहेरची मानत नाही. पण मग काही गोष्टी करारात हव्यात, तोंडी आश्वासनात नकोत. फंड विकेल तेव्हा त्याच भावाला, त्याच अटींवर तुम्हालाही विकता आलं पाहिजे. बहुतेक करारांत फक्त उलट अट असते, फंड विकेल तेव्हा तुम्हाला विकावंच लागेल अशी. ती एकटी असेल तर सही करू नका. कर्ज काढून लाभांश वाटायचा झाला तर तो सगळ्या भागधारकांना सारख्याच हिशोबाने मिळाला पाहिजे, आणि फंडाचे शेअर वेगळ्या, आधी पैसे मिळणाऱ्या वर्गातले नसावेत. वर्षाला देखभाल आणि नव्या राइडवर किमान किती खर्च होईल, ते लिहिलेलं असावं. ताळेबंद दरवर्षी हाती मिळाला पाहिजे. फंडाला व्यवस्थापन फी किती, तीही विचारा. हे सगळं मिळणार नाही असं सांगितलं गेलं, तर उत्तर मिळालंच: सगळं रोख घ्या.

रोख घेतानाही एक बारकावा आहे. पूर्ण रक्कम एकदम मिळणार की काही भाग वर्ष-दोन वर्षं अडकवून ठेवणार, ते पाहा. विक्रीनंतर काही दावे निघाले तर भरपाईसाठी असा भाग रोखून ठेवतात. तुमच्यासारख्या लहान भागधारकांचा भाग त्यात नसावा असं मागता येतं, आणि बऱ्याचदा मिळतंही. कर एकाच वर्षात येतो की दोन वर्षांत विभागता येतो, हे सही करायच्या आधी कर सल्लागाराला विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

पैसे आल्यावर पहिल्यांदा वर्षभराचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी रक्कम सहज काढता येईल अशा ठेवीत ठेवा. एरवी मी सहा महिने सांगते. पण मालक बदललेल्या कंपनीत नोकरी करणाऱ्याला वर्ष. मग मुलीच्या शिक्षणाचे पैसे, ज्या वर्षी लागतील त्या वर्षी मुदत संपेल अशा सुरक्षित ठेवींत. त्यात बाजाराची जोखीम अजिबात नको, तीन वर्षं फार थोडी असतात. उरलेल्यातून घराच्या कर्जाचा काही भाग फेडा. किती, ते तुमचा व्याजदर पाहून ठरवू. बाकीचे मोठ्या बाजाराच्या इंडेक्स फंडात (निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर थोडे थोडे घेणारा फंड) दर महिन्याला थोडे थोडे, दीड-दोन वर्षांत घाला. निवृत्तीला तुमच्याकडे बराच अवधी आहे, त्यामुळे तिथे घाई नाही आणि भीतीही नको.

पत्नीचं म्हणणं बरोबर आहे, हे मी तुम्हाला खूश करायला सोडून देणार नाही. त्यांनी रांगेत आपण कुठे उभे आहोत ते आधी पाहिलं. एवढंच की ‘मोकळे व्हा’ऐवजी त्या पैशांची कामं आधी ठरवा, म्हणजे रक्कम खात्यात नुसती पडून राहणार नाही.

अंतिम तारखेला अजून सतरा दिवस आहेत. तोपर्यंत कशावरही सही करू नका. कराराचा पूर्ण मसुदा मागवा, फक्त माहितीपत्रक नव्हे, आणि आला की मला पाठवा, विशेषतः शेअर विकण्याच्या अटींचं कलम.

आणि चाकांबद्दल. शेअर विका किंवा ठेवा, हे काम वेगळं आहे आणि ते या आठवड्यात करा. २ जून २०१५ला अल्टन टॉवर्सच्या स्मायलर कोस्टरवर प्रवाशांनी भरलेली ट्रेन रुळावर थांबलेल्या रिकाम्या ट्रेनवर आदळली. पाच जण गंभीर जखमी झाले, दोघींचा पाय कापावा लागला. यंत्रणेने ट्रेन थांबवली होती, माणसांनी ती पुढे सोडली. कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. तपासाचा निष्कर्ष असा होता की दोष त्या दिवशी राबणाऱ्या तंत्रज्ञांपेक्षा त्यांना नीट कार्यपद्धती न देणाऱ्या व्यवस्थेचा होता. हे शोधून काढता आलं ते तपास झाला म्हणून. तुमच्याकडे कोणत्या ट्रेनचा कोणता भाग कोणत्या तारखेला काढून कुठे लावला, कोणती ऑर्डर कुणी कधी अडवली, ही नोंद तुमच्या वहीत असेल. तिची प्रत सुरक्षा प्रमुखांना लेखी द्या, पोच घ्या आणि एक प्रत घरी ठेवा. सुट्या केलेल्या ट्रेनचे अक्ष (चाकांचे दांडे) तपासणीशिवाय पुन्हा रुळावर येणार नाहीत, हे त्याच पत्रात स्पष्ट लिहा.